वास कुणाच्या पोटात?

...आणि वर मलाच म्हणतात, मिनल, तू विषय चिघळवलास. मी? अहो, मी तळेगावच्या प्रदूषण मोजणाऱ्या प्रयोगशाळेत कंत्राटावर बसलेली बाई, काम काय तर सर्व्हरसाठी एक्सएमएलमध्ये डेटाचा कॅटलॉग लिहायचा. तुम्हाला सांगते, अवघड काही नाही, डब्यात डबा. एका मोठ्या डब्यावर ‘हवा’, तिच्या पोटात चाकण, चाकणच्या पोटात धूळ. दुसऱ्यावर ‘पाणी’, त्याच्या पोटात नदी, नदीच्या पोटात एकेक पूल. सगळं नीट बसलं की मार्चमध्ये पर्मनंट करू, असं मोठ्या साहेबांनी तोंडी सांगितलेलं, तोंडी हं... आणि बसलं की सगळं, एक सोडून. सांगवीच्या पुलावर वास मोजायचं यंत्र लावलंय. आता वास कुणाच्या पोटात?

पाण्याचे साहेब म्हणाले, “वास नाकाला येतो, नाक हवेत असतं, तेव्हा हवेत टाका.” गेले हवेच्या साहेबांकडे, ते खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत. “वास मारतंय कोण? नदी. मग माझ्या हवेला कशाला बदनाम करता?” आकडे एवढे घाण होते की कुणालाच ते आपल्या नावाखाली नको होते, कळतं हो मला, पण वास कुणाच्या पोटात?

मग मी हुशारी केली, दोन्हीकडे टाकला. शेजारच्या टेबलावर आमचा गोरक्ष, चाकणजवळच्या गावचा, घरची जमीन भावकीत वाटून वाटून संपलेली. तो बघून म्हणाला, “ताई, सातबाऱ्यावर पोटहिस्सा एकाच गटात लागतो. दोन्हीकडं नाव लावलं की निकाल लागत न्हाई, आमचं आजून चालू हाय.” सर्व्हरनंही तेच केलं, एकाच ओळख-क्रमांकाची दोन पोरं चालत नाहीत म्हणून लाल अक्षरं दाखवून थांबला.

शेवटी वासाला वेगळा डबाच केला. हवा, पाणी, वास. झालं? कुठलं झालं... मोठ्या डब्यावर जबाबदार माणसाचं नाव लागतं, आत जे काही आहे त्या सगळ्याला मग तेच लागू. दोन्ही साहेब खिडकीबाहेर बघायला लागले, मी माझं टाकलं. तात्पुरतं.

आणि जबाबदार माणसानं यंत्राचे आकडे जागेवर जाऊन ताडून बघायचे असतात. म्हणजे रोज सकाळी पुलावर मी, कठड्याला टेकून, नाक खाली. लोक गाड्या थांबवायचे, “ताई, असं काही करू नका, घरी कोण आहे का?” मी सांगायचे, नाही हो, ड्युटीवर आहे. पहिले काही दिवस मळमळलं, मग नुसतं डोकं दुखलं, मग काहीच नाही. मार्च आला, कंत्राट तेवढं वाढवून मिळालं, तेव्हाही काहीच वाटलं नाही.

परवा आई आतून ओरडली, अगं सुकट करपली, घरभर धूर, मी गॅससमोरच उभी, मला पत्ता नाही. मग पिंपरीला दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारली, बराच वेळ बघितलं, तपासण्या केल्या आणि म्हणाले, “हे आता पर्मनंट आहे.”

तुम्हाला खोटं वाटेल, पण क्षणभर मला बरंच वाटलं.