पाकीट मी फोडलं नाही

आमी मूळचे लांजीकडचे, बाप धानाच्या मिलवर हमाली कराले बालाघाटले आला आन् मंग आमी इथलेच झालो. माय बिड्या वळे. मी पाच-सहा वर्षांची असंन, तवा बाप नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आला, घरातले जुने देव वैनगंगेत सोडले, भिंतीवर बुद्धाचा फोटो लावला आन् मले म्हणे, आता तू शिकशीन. हौ म्हटलं. पण शिकते कोण! घरी आपली मराठी बोली, शाळा मध्यप्रदेशातली, तिथं सारं हिंदी, बहनजी काय इचारते ते समजे नाही, समजलं तं सांगता ये नाही, मंग पोट्ट्या हासत, आन् मी त्याईच्या वेण्या ओढत होती. कोणाचं ऐकायचं नाही हा माहा सभावच होता, काय सांगू तुमाले. बहनजीनं बापासाठी चिठ्ठी देली का मी चिंचेखाली बसून आधी वाचत होती, तक्रार असली तं फाडून नालीत. तक्रारच असे.

आठवीत एक नवीन बहनजी आली. बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगते. तिनं वर्गातून पळणाऱ्या आमा तीन पोट्ट्या निवडल्या आन् म्हणे, तुमचं मन पुस्तकात लागत नाही तं कामात लावून पाहू. हप्त्यातले तीन दिवस शाळा, तीन दिवस दवाखाना. काम सीखोगी तो समझदार बनोगी, असं म्हणे. आन् आठवी पास झाल्यावर दवाखान्यातून चांगली चिठ्ठी भेटली तं नर्सच्या ट्रेनिंगले जबलपूरले नंबर लागते. बापाले शाळेत बोलावून तिनं हे सांगतलं. बापानं त्याच दिवशी साऱ्या मिलवर सांगून टाकलं का माही पोरगी नर्स होऊन राह्यली.

पहिल्या दिवशी मोठ्या सिस्टरनं तिघींले बापाचं नाव इचारलं, आडनाव इचारलं, मोहल्ला इचारला. बस, तेवढंच. एक किराणावाल्याची पोरगी होती, एक बाबूची, त्याईले मलमपट्टीच्या खोलीत नेलं. माह्या हाती बादली आन् पोतेरं देलं. मले वाटलं आज मी, उद्या त्या, पाळी असंन. पाळी कधी आलीच नाही भाऊ. मले राग नसंन आला? आला न, पण बापाचं तोंड डोयासमोर ये.

तरी मी शिकली. फरशी पुसता पुसता दारातून पाहत होती. सुया किती वेळ उकळाच्या, पट्टी कुठून गुंडाळाची, सारं पाहून घेतलं. एकदा किराणावालीनं तापाची काच पाहून सांगतलं, बुखार नहीं है. मी बादली खाली ठेवली, काच हाती घेतली, पाहून म्हटलं, हाय न, एकशे दोन हाय. सिस्टरनं पाहिलं तं एकशे दोनच होता. तिनं काच माह्या हातून घेतली, पदरानं पुसली, आन् म्हणे, तू अपना काम कर.

पण खोटं काहून बोलू, कामानं मी बदलली. येळेवर उठाले लागली, भांडणं सोडली, पेशंटसंग बोलता बोलता हिंदी आली, आन् हिंदी आली तं पुस्तकही समजाले लागलं. आठवी पास झाली. बहनजी लय खूश, म्हणे पाहा, पोरगी कशी शहाणी झाली.

सिस्टरनं ट्रेनिंगच्या चिठ्ठीचं पाकीट देलं, डिंकानं चिपकवलेलं. म्हणे, खोलना नहीं, सीधे साहब के हाथ में देना. जबलपूरच्या छोट्या लाईनच्या गाडीत बाप आन् मी, दिवसभराचा रस्ता, पाकीट माह्या मांडीवर. किती वेळा बोट त्याच्या कडेवर गेलं! पहिलेची मी असती तं बालाघाटचं टेसन सुटाच्या आधी फोडून वाचलं असतं. पण मी शहाणी झालती न. आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं सांगतलेलं ऐकलं.

ट्रेनिंगच्या साहेबानं फोडलं आन् माह्या देखत मोठ्यानं वाचलं; बाप दाराबाहीर, त्याले होशियार तेवढंच ऐकू गेलं. लड़की झाड़ू-पोंछे में होशियार है, बहुत आज्ञाकारी है, आया के काम के लिए ठीक रहेगी. मी म्हटलं, साहेब, मले ताप पाहता येते, सुया उकळता येते, इचारून पाहा. तो म्हणे, बेटी, कागज में तो यही लिखा है. बाहीर आल्यावर बाप इचारते, होशियार म्हणलं न ओ तुले? चांगलंच लिहिलं असंन? मी म्हटलं, हौ बाबा, चांगलं लिहिलं, पण जागा भरल्या. मरेपर्यंत त्याले तेच माहीत होतं.

वापस आली तं बहनजीची बदली झालती. सांगावं कोणाले? किराणावाली ट्रेनिंग करून त्याच दवाखान्यात सिस्टर म्हणून आली, मी तिथंच आया. ते मले नावानं हाक मारते, मी तिले सिस्टर म्हणते. मोठ्या सिस्टरनं लिहिलं ते खोटं नव्हतं, हेच सलते. झाडूच देला, तं झाडूचंच लिहिलं. अजूनही शाळेतून पोट्ट्या कामाले येते, अजूनही पहिल्या दिवशी त्याईले आडनाव इचारते, आन् त्यातल्या एकीच्या हाती बादली आली का मी तिकडं पाहत नाही. पाहवत नाही.

माही पोरगी चौथीत हाय. परवा तिच्या बहनजीनं माह्यासाठी बंद चिठ्ठी देली, तं पोरीनं रस्त्यातच फोडली, वाचली आन् फाटकंच पाकीट माह्या पुढं टाकलं. लिहिलं होतं का पोरगी कोणाचं ऐकत नाही, समजवा. मी तिले जेवाले वाढलं, वरून गुळाचा खडा देला आन् म्हटलं, अशीच राह्यजो माय.