आईनेच सांगितलं

हॅलो?… हां प्रशील, बोल… अमळनेरलाच, घरी. आई शेजारी बसलीय… हो, आम्ही दोघी तक्रार द्यायलाच निघालोय. वकीलबाई येताहेत… नाही, थांबणार नाही.

अरे ऐक ना! तू चांगल्या मनानेच दिलंस, मी कुठे नाही म्हणतेय? घशाच्या ऑपरेशनात आपल्या आईचा आवाज गेला, म्हणून तिच्या जुन्या भीमगीतांची व्हिडिओ रेकॉर्डिंगं तुझ्या त्या कॉम्प्युटरवाल्या मित्राला, भूपेंद्रला दिलीस. त्याने मोबाईलवर तिचा आवाज बनवून दिला. ती टाईप करते, मोबाईल बोलतो… हो रे, पहिल्यांदा मला 'मृणाली' म्हणाली तेव्हा ढसाढसा रडले होते मी. विसरले नाहीये.

पण मेल्याने तोच आवाज एका काढेवाल्याला विकला ना!… चूक? ही चूक म्हणतोस तू? व्हिडिओत आईचा चेहरा, आईचा आवाज, "बायांनो, इन्सुलिन सोडा, हा काढा घ्या"… आणि आपल्या मंजुळामावशीने सोडलं! "माझी आक्काबाई खोटं सांगायची नाही," म्हणाली आईबद्दल… जळगावला, आयसीयूत… नाही, अजून शुद्धीवर नाही.

काय?… नुसती ती जाहिरात काढून टाकून काय होतंय? उद्या दुसऱ्याला विकेल. वकीलबाई म्हणाल्या, आवाज तिचा, चेहरा तिचा. तिच्या परवानगीशिवाय कुणी वापरायचा नाही. कोर्टाकडून त्याच्याकडचं सगळं पुसायला लावू… हो… हो, माहितीय. आईच्या मोबाईलमधला आवाजही जाईल, तो त्याच्याकडूनच चालतो.

अरे, माझ्यावर काय ओरडतोस? मी कोण ठरवणार? तिलाच विचार. थांब, स्पीकरवर टाकते… बोल, ऐकतेय ती.

…

तिच्या मोबाईलवर टाईप करतेय. दम धर जरा, एका बोटाने करते ती…

ऐकलंस?… हो, तीच. "बठ्ठं पुसी टाक." सगळं पुस म्हणतेय, प्रशील.

नको रे रडू… मलाही नाही सहन होत… काय? रेकॉर्ड करू? आत्ताचं?… ते मला काय विचारतोस? आईला विचार… आई, हा तुझा आवाज रेकॉर्ड करू म्हणतोय. ठेवून घेतो म्हणतोय, नुसता स्वतःसाठी…

नाही म्हणतेय रे. मान हलवली… नको करूस मग. तिने नाही म्हटलंय ना? नुसतं ऐक. अजून काही टाईप करतेय…

ऐकलंस ना?… अरे, जेवलास का विचारतेय ती. सांग की तिला… प्रशील?… हॅलो?…