शेपटीला टांगलेले बोंबील

न पाहिलेले ‘पाहिले’ असे लिहून देणाऱ्याला काय शिक्षा द्यावी, सांगा बरे?

अवकाळी पावसात नरपड किनाऱ्यावरच्या कोळणींचे बोंबील नासू नयेत, यावरील संशोधनासाठी आमच्या एका प्राध्यापकांनी सरकारी अनुदान मागितले. अर्जात लिहिले, “वर्षभर किनाऱ्यावर राहिलो. बोंबील शेपटीला दोरी बांधून वाळवतात.”

पाहणीला आलेल्या अधिकारी बाईंनी ते प्राध्यापकांदेखतच कोळीण काशीबाईंना वाचून दाखवले.

“शेपटीला? अहो मास्तर, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकतात! राहिलात कुठं, तिकडं हायवेवर अच्छाडच्या ढाब्यावर?”

देवाची कृपा, कोळणींसाठीचे अनुदान बुडाले नाही. अधिकारी बाईंनी अट मात्र घातली: प्राध्यापकांनी हंगामभर काशीबाईंच्या हाताखाली बोंबील अडकवावेत.

प्राध्यापक शुद्ध शाकाहारी. हंगाम त्यांनी पुरा केला. नाकाला रुमाल काशीबाईंनी एक दिवसही लावू दिला नाही.