कोऱ्या काचेची साक्ष

मंडळी, आधी एवढं सांगा — समोर उजेड दिसला, की तो देवाचाच असतो का? हो म्हणता? थांबा! मान डोलवायची घाई नको. मागचे काका तर झोपेतच डोलवताहेत!

ऐका. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत शर्वाणी नावाची मुलगी सहा वर्षं मान मोडून बसली होती. काम कसलं? काळा चकचकीत खडा घ्यायचा, त्याला चिकटपट्टी लावायची — पाकिटाला लावतो तीच हो! — आणि सोलायचं. सोलत सोलत शेवटी उरतो अणूएवढा पातळ पापुद्रा. तो काचेवर ठेवायचा.

त्या पापुद्र्यात इलेक्ट्रॉनला बसायला दोन दऱ्या. रानातल्या नव्हेत बरं, ऊर्जेच्या! उजवीकडे फिरणारा प्रकाश टाकला की एका दरीत, डावीकडे फिरणारा टाकला की दुसरीत. पण टिकतो कुठं? पापणी लवायच्या आत पसार! अगदी आपलं मन! टिकलाच, तर परत येणारा उजेडही त्याच बाजूला फिरतो. ही खूण. ती दिसावी, एवढाच तिचा ध्यास.

आणि दिसली! चार महिने यंत्रावर रोज तोच आकडा! तिचे गुरू रायरीकर सर म्हणाले, "पोरी, जिंकलीस." प्रबंध झाला. गावी आईनं पेढे वाटले — वाटणारच, आई ती!

प्रबंधाची तोंडी परीक्षा दोन दिवसांवर आली. प्रयोगशाळेतले जुने कारागीर बाबरमामा सहज म्हणाले, "ताई, ह्यो उजेड नुसत्या काचंवर टाकला, तर काय दिसतं वो?"

मंडळी, शर्वाणीनं ते कधी केलंच नव्हतं! किरण हलवला आणि पापुद्रा पुन्हा सापडला नाही तर? फार जीव लावला होता हो त्याला. जीव लावला की माणूस नजर हलवत नाही.

तिनं स्क्रू फिरवला. किरण कोऱ्या काचेवर आला. आकडा? तोच! तिथं ना पापुद्रा, ना दरी! तिनंच टाकलेला उजेड, तो अडवायला बसवलेल्या गाळणीतून निसटून परत येत होता.

"मामा, तिथं काही नव्हतंच."

"ऱ्हाऊ द्या की, ताई. कुणाला कळतंय? दोन दिसांचा तर प्रश्न हाय."

तिनं नवी गाळणी लावली, पुन्हा पापुद्रा पाहिला. खूण नाही. मग सरांना फोन केला. ते म्हणाले, "परीक्षा रद्द करतो." आणि आईला काय सांगायचं? वाटलेले पेढे परत मागता येतात का हो?

देव धावून आला, असं मी सांगणार नाही. नाही आला. आणि मंडळी, वीस वर्षं मी या कीर्तनाच्या गादीवर उभा आहे. तुमच्या डोळ्यांत दिसते ती चमक भक्तीची, की माझ्यापुढच्या समईची? मी कधी तपासलं नाही. भीती वाटते.

आज घरी देवापुढं निरांजन लावाल. मूर्तीच्या डोळ्यांत उजेड दिसेल. एकदा निरांजन बाजूला सरकवून पाहा.

काय झालं? हात पुढं होत नाही ना? शर्वाणीचा झाला होता.