माझ्या गोळ्या, डोरीनच्या गोधड्या

नाही, पण मी म्हणतो, चोरायचंच होतं तर माझा ट्रक चोरायचा! करवत चोरायची! पण माणसाचं डोकं ठिकाणावर ठेवणाऱ्या गोळ्या? आणि चोरल्या कुणी? चोरानं चोरल्या असत्या तर मी हूं की चूं केलं नसतं... सख्खी बहीण हो माझी, सख्खी!

मी व्हर्नन. अमेरिकेतल्या आयोवात लोकांच्या घरातल्या हीटरच्या भट्ट्या दुरुस्त करतो. एक्कावन्न वर्षं अख्खं गाव मला वेंधळा म्हणत आलं, मीही म्हणत आलो. मग गेल्या जानेवारीत टफ्टबाईंची भट्टी खोलली, मधेच आठवलं की ट्रकचे दिवे चालू राहिलेत, ते बंद करायला गेलो आणि... तसाच घरी आलो! बाई तीन कोट घालून बसलेली! तेव्हा आर्लीननं, म्हणजे बायकोनं, मला डॉक्टरकडे नेलं. निघालं काय, तर लक्ष न टिकण्याचा आजार! डॉक्टर हॅल्व्हरसनबाई म्हणाल्या, ‘‘रोज सकाळी एक गोळी. एखाद्या दिवशी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. रक्तदाब मोजायचा. आणि कुलपात ठेवायच्या, कुणालाही द्यायच्या नाहीत.’’ मी लगेच कुलपाची पेटी आणली. किल्ली हरवली. मग ठेवली बाटली साखरेच्या डब्यामागे, झालं!

पण तुम्हाला सांगतो, काय फरक पडला! एक भट्टी खोलली की तीच भट्टी बंद करूनच उठायचो! आणि आमची डोरीन, शेजारीच राहते, सात वर्षांनी मोठी, नवरा हॅरॉल्ड वारल्यापासून एकटी, रोज सकाळी केक घेऊन हजर, ती काय म्हणायची? ‘‘आजार कसला डोंबलाचा! आमच्या वेळी याला आळस म्हणायचे, व्हर्नन!’’ मी ऐकून घ्यायचो. सख्खी बहीण ना!

आणि मग मार्चमध्ये तीस गोळ्यांची बाटली बाविसाव्या दिवशीच रिकामी. औषधाच्या दुकानातला लीलंड चष्म्यावरून बघत म्हणतो, ‘‘तारखेआधी मिळत नाहीत रे...’’ त्या ‘रे’मध्ये काय काय होतं, काय सांगू! डॉक्टर विचारतात, ‘‘व्हर्नन, जास्त घेतोयस का?’’ आर्लीन तर काही विचारतच नाही, नुसती बघते. आणि गंमत बघा, मी छातीवर हात ठेवून ‘नाही’ म्हणूच शकत नव्हतो! दोनदा घेऊन विसरलो असलो तर? विसरणं हाच तर माझा आजार! कॅलेंडरवर फुल्या मारायला लागलो. पुढच्या महिन्यात फुल्या वीस, बाटलीत उरायला हव्या दहा, होत्या तीन. आणि भर स्वयंपाकघरात, केक कापता कापता, माझ्या पाठीवर हात फिरवत डोरीन म्हणते, ‘‘मी सांगत होते, या गोळ्यांची चटक लागते.’’ बोला! सख्खी बहीण हो!

जुलैत जिल्ह्याची जत्रा. गोधड्यांच्या मांडवात डोरीनच्या चार गोधड्या! जी बाई वर्षाला एक शिवायची, तिच्या चार! बायका तोंडात बोट घालून उभ्या. आणि तिथंच, बक्षिसाची निळी फीत हातात घेता घेता, बाई खाली! ओठ पांढरे, छाती अशी धडधडतेय की ब्लाउज हलताना दिसतोय. रुग्णवाहिकेतली पोरगी विचारतेय, ‘‘आज काय काय घेतलंत?’’

‘‘जीवनसत्त्वं,’’ डोरीन म्हणते.

‘‘खरं सांगा आजी, नाहीतर मी चुकीचं औषध देईन.’’

मग माझ्याकडे न बघता, हळूच, ‘‘व्हर्नीच्या... दोन. आणि कॉफी.’’

माझं डोकं असं फिरलं... पण पुढे मात्र मीच झालो. गोळीचं नाव सांगितलं, किती मिलिग्रॅमची ते सांगितलं, तिला रक्तदाब आहे तेही सांगितलं. एरवी मला स्वतःचा फोन नंबर आठवत नाही!

दोन दिवस इस्पितळात छातीला तारा लावून होती. मी तावातावानं गेलो, म्हटलं आज सोडत नाही. तर म्हणते, ‘‘हॅरॉल्ड गेल्यापासून खुर्चीतून उठवत नव्हतं रे. तुला बघितलं, सकाळी गोळी घेऊन शिट्टी वाजवत कामाला निघालेला. वाटलं, एक घेऊन बघू.’’

‘‘अगं, मग मला आळशी का म्हणालीस? चटक लागली का म्हणालीस?’’

‘‘तुला संशय येऊ नये म्हणून.’’

सख्खी बहीण... रडलो तिथंच. ती पण रडली. मग तिनं माझ्यादेखत डॉक्टरांना सगळं सांगितलं, हॅल्व्हरसनबाईंनी माझी माफी मागितली, लीलंडनं हात मिळवला, आर्लीननं नवी पेटी आणली आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात घातली. वाटलं, चला, नाव तरी धुऊन निघालं.

कसलं काय! रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबा डोळे मिटून म्हणतात, ‘‘हे प्रभो, आमच्या डोरीनला बरं कर, आणि तिच्या भावाला आपलं औषध नीट ठेवायची बुद्धी दे.’’ आणि पहिल्या बाकावरून, सगळ्यांत मोठ्यानं, ‘आमेन’ कोण म्हणालं असेल?

मीही म्हणालो. काय करता?