अकरा तासांचा प्रवास

विमानतळावर, प्रवासी बाहेर येतात त्या दारासमोर, माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ मांडीवर वही घेऊन बसले होते. त्यांच्या वहिनी धापा टाकत आल्या.

"भाऊजी, चला घरी. बाळ्या आलाय."

"काहीतरीच काय, वहिनी! त्याचं विमान अजून हवेत आहे."

"दहा वाजता आला. मागच्या दाराने."

"अहो, नऊ हजार किलोमीटर आहे. अकरा तास लागतात. पहाटे चारला निघालंय, दुपारी तीनला उतरेल. मध्येच काय आडवाट सापडली त्याला? जन्मभर डेपोत गाड्यांच्या वेळा लिहिल्यात मी."

"ते मला नका सांगू. या हातांनी ताट वाढलं मी त्याला."

"जेवला?"

"नाही. नुसता ताटाकडे बघत बसला. हात गार पडले होते, म्हणून शाल पांघरली."

"आणि सामान?"

"म्हणाला, मागून येतंय."

"वहिनी, बसा जरा. पाणी प्या."

"पाणी नको. काकाला घेऊन ये म्हणाला. तो तिथे उगाच ताटकळत बसेल म्हणाला."

भाऊजींनी वही मिटली. समोरच्या फलकाकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

वहिनी माझ्याकडे वळल्या.

"तुमचं कोण येतंय?"

"मुलगी. त्याच विमानाने."

"मग घरी फोन लावून बघा."

"घरी कोणी नाहीये, काकू. कुलूप लावून आलोय."

"तरी लावून बघा."