दादाची पाळी

दुपारचे सव्वातीन, स्टुडिओचा मोठा हॉल, रेकॉर्डिंगचा लाल दिवा चालू – इथवर आपलं एकमत आहे ना, मास्तर? बसा हो. बातमीसाठी नाही आले. वार्ताहर म्हणून आयुष्यभर लोकांना आडवंतिडवं विचारत आले, आज नुसती दादाची बहीण म्हणून आलेय. चहा नको. आणि रडणार नाहीये मी, घाबरू नका – दात काढायच्या आधी गाल बधिर करतात ना, तसं झालंय सगळं, चावलं तरी कळत नाही.

तर अल्बम. दादाचा आणि तुमचा, दोघांचा. कव्हरवर दोन सॅक्सोफोन, मागे अख्खा बँड – नाव कुणाचं वर यावरून किती भांडलात! दादा म्हणायचा, भोंग्याला वर घ्या, नाहीतर फुगून बसेल. भोंग्या म्हणजे तुम्हीच. तोंडावर म्हणायचा? मग ठीक.

तुम्ही म्हणता, कळलंच नाही. मागे ट्रम्पेट, ड्रम्स, एवढा गलका, तुमचे डोळे मिटलेले – तो खुर्चीत कलंडला ते धून संपल्यावर दिसलं. बरं. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर वाचला असता. तरी वहिनीला मीच समजावलं, अगं, मास्तरांना दिसलं असतं तर थांबले नसते का?

मग परवा तिच्या स्वयंपाकघरात अल्बम लावला. शेवटची धून. त्याच दुपारची, आळीपाळीची – थोडं तो, थोडं तुम्ही. त्याचा सूर खरखरीत, तुमचा तुपातला – मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण एवढं कळतं. तो, तुम्ही, तो, तुम्ही – आणि त्याचा सूर मध्येच तुटतो. तुम्ही आपलं वाजवता. मग त्याची पाळी – नुसते ड्रम्स. पुन्हा तुम्ही. आणि पुन्हा त्याची पाळी येते तेव्हा, मास्तर, तिथे तुम्हीच वाजवता. खरखरीत. हुबेहूब. वहिनी म्हणाली, बघा, कसं सावरलं ह्यांनी स्वतःला, पुन्हा वाजवायला लागले. कणीक मळत होती ती.

काय? हो, माहितीय – साथीदार चुकला की सांभाळून घ्यायचं, लाल दिवा असताना थांबायचं नाही. एकदा चुकला असं वाटलं असेल. मान्य. डोळे मिटलेले, तेही मान्य.

उठू नका, दार मी ओढून घेते.

पण त्याच्या पुढच्या सगळ्या पाळ्या तुम्ही वाजवल्यात. शेवटपर्यंत.